जुन्या लॅपटॉपची स्क्रीन बदलायचीय, चांगला माल ओळखायचा कसा? डेल ३५२१

चोपडा_सेतूवाला
नमस्कार मंडळी. माझ्याकडे डेल इन्स्पिरॉन ३५२१ आहे, १५.६ इंची, २०१३ साली घेयेल. सेतू केंद्रावरचं सगळं काम त्याच्यावरच, उतारे, दाखले, पीक विम्याचे फॉर्म. परवा संध्याकाळी दुकान आवरताना लेकीने झाकण लावलं आणि आत कीबोर्डवर रबरी शिक्का राहून गेलेला. ती म्हणते कट्ट असा बारीक आवाज आला फक्त. उघडून बघतो तर मधोमध शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि तिथून उजवीकडे हिरव्या-गुलाबी रेघा.
सध्या घरचा टीव्ही दुकानात आणून एचडीएमआयने जोडलाय, काम चाललंय, पण घरी सिरियली बंद म्हणून रोज बोलणी खातोय.
जळगावला फोनवर दोन ठिकाणी विचारलं, एक म्हणे २८०० एक म्हणे ४५००, आणि दोघंही म्हणतात "भाऊ ओरिजिनल आहे". ऑनलाइन बघितलं तर याच मॉडेलच्या नावाने सहा-सात तऱ्हेच्या दिसतात. कोणती घ्यायची? आणि एवढ्या जुन्याला खर्च करावा का? दोन वर्षांपूर्वी एसएसडी टाकेल आहे, ८ जीबी रॅम आहे, चालतो एकदम मस्त.

तापीकाठचा_नंदुरबारी
भाऊ, तुन्हा लॅपटॉपना नंबर कोणले इचारू नको, स्क्रीनना नंबर इचार.
बाकी लोको काका येतीलच इथे, ते सांगतील नीट.

भुसावळ_लोको
आलो. नंदुरबारीने एका ओळीत सांगून टाकलं तेच खरं आहे, मी फक्त फोड करतो.
कंपनी एकाच मॉडेलमध्ये वर्षभरात तीन-चार जणांचे पॅनल, म्हणजे चौकटीच्या आतली खरी स्क्रीन, वापरते, ज्याचा माल त्या आठवड्यात आला तो लागला. डेल, एचपी, लेनोवो हे काही स्क्रीनची काच बनवत नाहीत रे, बनवणारे निराळे, एलजी डिस्प्ले, एयूओ, इनोलक्स, बीओई, सॅमसंग, शार्प वगैरे. म्हणजे "डेलची ओरिजिनल स्क्रीन" हे वाक्यच अर्धवट आहे, कोणाची आणि कोणत्या नंबरची ते सांग म्हणावं.
आता तू कर काय, बॅटरी काढ, स्क्रीनच्या भोवतीची प्लॅस्टिकची चौकट नखाने किंवा जुन्या सिमकार्डने हळू उचल, चार कोपऱ्यांचे स्क्रू काढ, पॅनल कीबोर्डवर पालथं घाल, खाली मऊ कापड टाक. मागे पांढरं लेबल दिसेल. त्याचा फोटो काढ आणि इथे टाक. फोनवर नंबर वाचून दाखवू नको कोणाला, बी, डी, पी, टी सगळं सारखंच ऐकू येतं.

पुण्यात_अडकलेला_खान्देशी
उघडायच्या आधी अजून एक सोपं. काच फुटली तरी पॅनलची चिप बहुतेक वेळा जिवंत असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरवर जाऊन डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघ. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची असतात, एलजीडी असेल तर एलजी, एयूओ म्हणजे एयूओ, सीएमएन म्हणजे चायमेई इनोलक्स, बीओई म्हणजे बीओई. त्यावरून पॅनल कुणाचं ते कळतं, पूर्ण नंबरसाठी मात्र लेबलच बघावं लागतं.
आणि खर्च करतोच आहेस तर फुल एचडी आयपीएस, म्हणजे कुठल्याही बाजूने रंग नीट दिसणारी, टाक ना सरळ. ती १३६६ बाय ७६८ ठिपक्यांची, टीएन म्हणजे स्वस्त जातीची स्क्रीन २०१३ मध्ये पण भिकारच होती, जरा मान वाकवली की रंग उलटे. नवीन बघितल्यावर परत मागे जावंसं वाटणार नाही.

गोलाणीतला_कारागीर
पुणेकर भाऊ, थांबा जरा. गिऱ्हाइकाला असं सांगून पाठवता आणि मग ते आमच्या काउंटरवर येऊन भांडतं.
मी जळगावच्या गोलाणी मार्केटात बारा वर्षं हेच काम करतोय. ३५२१ जी आहे ती ४० पिनची एलव्हीडीएस, म्हणजे बोर्डाकडून स्क्रीनला चित्र पाठवायची जुनी पद्धत. तिच्या पुढचं ३५४२ आलं त्याला ३० पिनचं ईडीपी, ही नवी पद्धत. दोन्ही १५.६ इंची, दोन्ही स्लिम, वरखाली स्क्रूचे कान दोन्हीला, लांबून बघितलं तर जुळे भाऊ. पण केबलची पट्टी एकमेकांत जात नाही आणि जाऊही नये, सिग्नलच निराळा. २०१० च्या डिसेंबरात इंटेल, एएमडीने जाहीर केलं होतं की २०१३ पर्यंत एलव्हीडीएस बंद करत आणणार, त्यामुळे २०१२ ते २०१४ चे लॅपटॉप म्हणजे निव्वळ खिचडी, अर्धे इकडे अर्धे तिकडे. तुमचा नेमका त्या खिचडीतला आहे.
फुल एचडीचं म्हणाल तर एलव्हीडीएसमध्ये १३६६ ला एक चॅनल, म्हणजे तारांचा एक संच, पुरतो, १६०० बाय ९०० किंवा फुल एचडीला दोन लागतात. एचडीवाल्या लॅपटॉपच्या केबलमध्ये दुसऱ्या चॅनलच्या तारा बऱ्याचदा ओढलेल्याच नसतात, कंपनीने पैसे वाचवलेले असतात. मग पॅनल लावलं की काळं. ईडीपीवाल्याला पण तीच गत, एचडीला एक लेन आणि फुल एचडीला दोन. केबल बदलायची, त्यात बोर्डाने साथ दिली पाहिजे, कनव्हर्टरची किटं मिळतात ती झाकणात कोंबायची, एवढं सगळं हौसेने करणाऱ्याने करावं. सेतूवाल्याला दाखले काढायचेत. आहे ती तशीच टाका.

पुण्यात_अडकलेला_खान्देशी
मान्य. माझ्याकडे आधीच फुल एचडी होती, त्यात टीएन काढून आयपीएस टाकली म्हणून सोपं गेलं. तेवढं लिहायचं राहिलं.

धुळ्याच्या_ताई
मध्येच विचारते, वेगळा धागा काढायचा कंटाळा. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन फुटलेली नाही पण चालू केल्यावर काळीच राहते, पंखा फिरतो, लॉगिनचा आवाज येतो. दुकानदार म्हणाला स्क्रीन गेली, पाच हजार. खरं का? शाळेतली परीक्षेची सगळी गुणपत्रकं आत आहेत.

भुसावळ_लोको
ताई, पाच हजार आत्ता देऊ नका. रात्री खोलीतला दिवा बंद करा, लॅपटॉप चालू करा आणि मोबाइलची टॉर्च स्क्रीनवर तिरकी मारा. आत अगदी पुसट चित्र दिसलं तर स्क्रीन जिवंत आहे, मागचा उजेड गेलाय. तो पॅनलच्या एलईडी पट्टीमुळे, केबलमुळे किंवा बोर्डावरच्या बारीकशा फ्यूजमुळे जाऊ शकतो. काहीच दिसलं नाही तर बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही लावून बघा. झाकण पुढे-मागे करताना मध्येच उजळतं का तेही बघा, तसं असेल तर बिजागरीतली केबल चेपलेली आहे, ती पाच-सातशेत होते. डेल असेल तर बंद अवस्थेत डी दाबून धरून पॉवर बटन दाबा, नुसते रंग येतात एकामागून एक, ते नीट आले म्हणजे पॅनल ठीक.

धुळ्याच्या_ताई
टॉर्चने दिसलं! विंडोजचं चित्र अगदी भुतासारखं. डेल नाहीये, पण झाकण अर्धवट वाकवलं की क्षणभर उजेड येतो आणि जातो. म्हणजे केबल?

गोलाणीतला_कारागीर
केबलच ताई, नव्याण्णव टक्के. त्या दुकानात लॅपटॉप देऊ नका.

चोपडा_सेतूवाला
उघडली. जीव मुठीत धरून, पण उघडली. आत केवढी ती धूळ, कापसाची बोंडं फुटल्यासारखी! लेबलवर हे लिहेल आहे: एलपी१५६डब्ल्यूएचबी, त्याच्या खाली टीएलए१. पट्टीच्या पिना मोजायला गेलो, दोनदा ३९ आल्या एकदा ४१, तर ४० धरतो.
आता दर सांगा. आणि २८०० आणि ४५०० मध्ये फरक कशाचा?

गोलाणीतला_कारागीर
बरोब्बर. एलजीचं पॅनल आहे. त्यात टीएल म्हणजे एलव्हीडीएस, टीपी म्हणजे ईडीपी. याच नंबरचं टीपीए१ पण येतं, ते तुमचं नाही. हे डोक्यात कोरून ठेवा. इनोलक्सचं असतं तर डॅशच्या पुढे एल का ई तेवढं बघायचं असतं.
दराचं सांगतो, आमच्याच धंद्याचं आहे, कोणाला राग आला तर येऊ द्या. बाजारात चार तऱ्हेचा माल असतो. एक, नवाकोरा, पेटीतला, काचेवर फिल्म, कनेक्टरवर टेप तशीच. एलव्हीडीएसमध्ये हा आता फार कमी येतो, जो येतो तो जुना पडून राहिलेला साठा. दोन, काढलेला माल, म्हणजे बंद पडलेल्या लॅपटॉपमधून सुखरूप काढलेलं पॅनल. याला नाक मुरडू नका, आपला अनुभव असा की ओळखीच्या माणसाकडचं चांगलं काढलेलं पॅनल भलत्यासलत्या "नवीन"पेक्षा बरं. तीन, दुरुस्त केलेला, म्हणजे वरची पोलरायझरची फिल्म बदललेली किंवा मागचे एलईडी बदललेले, वरून चकाचक, पण पांढऱ्या पडद्यावर बघितलं की आत धूळ, बोटाएवढे पिवळट ढग, कडेने उजेड फुटलेला. चार, ज्याचं लेबलच नवीन चिकटवलंय असं. गिऱ्हाइकाला दिसतो फक्त दर.
ए प्लस, ए, बी हे जे ग्रेड सांगतात ते प्रत्येक दुकानदाराचे स्वतःचे असतात. माझा ए दुसऱ्याचा ए प्लस असतो. त्यापेक्षा विचारा, न उजळणारे मेलेले ठिपके किती निघाले तर परत घेणार, किती दिवसांत घेणार, आणि बिलावर पॅनलचा पूर्ण नंबर लिहून देणार का. शेवटच्या प्रश्नाला जो आढेवेढे घेतो त्याच्याकडून निघा.

तापीकाठचा_नंदुरबारी
हे चौथं माझ्या नशिबी आलेलं. आम्हाला सुरत जवळ, पॅसेंजरने गेलो आणि घेऊन आलो. लेबल एकदम कोरं, पण जरा तिरकं चिकटवलेलं होतं. घरी येऊन कडा उचलली तर खाली दुसरं लेबल, दुसऱ्याच कंपनीचं! चित्र आलं, पण उजेड इतका कमी की दिवसा ओट्यावर बसून काही दिसेना. परत गेलो तर म्हणे लेबल फाडलं, वॉरंटी गेली. मीच फाडलं ना शेवटी, बोलणार काय.

पुण्यात_अडकलेला_खान्देशी
उजेडाचा आकडा बघत चला. स्वस्तातल्या एचडी पॅनलना २०० ते २२० निट्स (उजेडाचं माप) असतो, बरे असतात त्यांना ३००. दुकानात खिडकीजवळ बसणाऱ्याला हा फरक रंगांपेक्षा जास्त जाणवतो. रंगांचं म्हणाल तर ४५ टक्के एनटीएससी (किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलेलं असतं ते साधं, ७२ टक्के म्हणजे फोटोवाल्यांच्या कामाचं. दाखल्यांना ४५ खूप झालं. पॅनेलुक (Panelook) नावाच्या साइटवर पॅनलचा नंबर टाकला की जाडी, पिना, निट्स सगळं निघतं, विकणाऱ्याच्या जाहिरातीपेक्षा तिथलं वाचा.

भुसावळ_लोको
जाडीवरून आठवलं. जुन्या जाड पॅनलना स्क्रू बाजूने असतात, स्लिमला वर-खाली कान असतात, आणि हल्लीच्या बारीक चौकटवाल्यांना कानच नसतात, दुहेरी टेपने चिकटवतात, रुंदी पण साधारण सेंटिमीटरभर कमी. इंच तेवढेच, पिना तेवढ्याच, तरी झाकणात बसत नाही असं होतं. माझ्या पुतण्याने तसली आणली आणि एम-सीलने चिकटवली. चालतेय तीन वर्षं, पण सांगायची लाज वाटते.
आणि ३० पिना दिसल्या म्हणजे ईडीपीच असंही समजू नका. २००९-१० च्या आधी बहुतेकांच्या मागे एलईडी नव्हते, बारीक ट्यूबलाइट असायची, सीसीएफएल, खाली इन्व्हर्टरची पट्टी. त्या पॅनलना पण ३० पिनचं एलव्हीडीएस असायचं. तसला लॅपटॉप कोणाकडे असेल तर त्याला हात जोडा आणि टीव्हीला जोडून ठेवा.

चोपडा_सेतूवाला
ऑनलाइन मागवली, ३४०० ला, नवीन म्हणून, दहा दिवसात परतीची सोय. विक्रेत्याला लेबलचा फोटो पाठवला होता, त्याचं उत्तर आलं "सेम टू सेम सर". आली की सांगतो.

गोलाणीतला_कारागीर
लावायच्या आधी एक गोष्ट, यात मी स्वतः हात पोळून घेतलेत. बॅटरी काढा, चार्जर काढा, मग पॉवर बटन पंधरा-वीस सेकंद दाबून धरा आणि त्यानंतरच पट्टीला हात लावा. तुमची बॅटरी बाहेरून निघते, नशीबवान आहात, नव्यांना मागचं कव्हर उघडून बॅटरीची पट्टी सोडवावी लागते. वीज असताना कनेक्टर तिरका टेकला की बॅकलाइटचा फ्यूज जातो, मग लोक म्हणतात पॅनल खराब दिलं. कनेक्टर वरून दाबायचा नसतो, सपाट सरकवायचा असतो, आगपेटीत काडी सरकवतो तसा. आणि चौकट बसवायच्या आधी चालू करून बघा.
तोवर खोकं उन्हात ठेवू नका. पॅनलवर साधारण ० ते ५० डिग्रीत चालवा असं लिहेल असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४-४५ होतं, बंद गाडीत काय होत असेल ते समजून घ्या. मागच्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक गाडीत पॅनल ठेवून लग्नाला जेवायला गेलं. वरण-बट्टी झाली, वांग्याची भाजी झाली, तोवर इकडे पॅनलवर काळे ढग. गार झाल्यावर बरेचसे गेले, एक कोपरा तसाच राहिला.

चोपडा_सेतूवाला
आली, आणि ज्याची भीती होती तेच झालं. खोक्यावर बरोबर नंबर, पॅनलच्या मागे लेबलवर टीपीए१. पट्टी जवळ नेली तर कनेक्टरच आखूड, ३० पिनचा. अक्षराचा फरक! फोटो पाठवूनही. फोन केला तर म्हणतो "सर एल आणि पी मे कोई फरक नही, अडाप्टर लगा लो". मी लेकीला म्हटलं तू वाच, ती म्हणे बाबा स्पष्ट पी आहे.

तापीकाठचा_नंदुरबारी
जबरदस्ती लावू नको भो! फिल्म पण काढू नको, तशीच बंद करून परत कर. खोकं, लेबल आणि उघडतानाचा व्हिडिओ, तिन्ही आहेत ना?

चोपडा_सेतूवाला
व्हिडिओ लेकीने काढलाय, तिला या सगळ्यात फार मजा येतेय, शिक्का विसरली म्हणून भरपाई करतेय बहुतेक. परतीची विनंती टाकली. पण आता टीव्हीवाला प्रश्न पेटलाय घरी, शनिवारी कसलातरी महत्त्वाचा भाग आहे म्हणे.

गोलाणीतला_कारागीर
माझ्याकडे टीएलए१ नाही सध्या. पण बाजारात एकाकडे काढलेलं पडेल आहे, मी स्वतः लावून बघितलं, खाली डावीकडे एक ठिपका आहे, बाकी उजेड चांगला, लेबलवर बनवल्याचा आठवडा २०१३ सालचा आहे म्हणजे तुमच्याच वयाचं. २२०० सांगतोय, मी बोललो तर २००० करेल. चालत असेल तर या, समोर बसून चालवून बघा, मग पैसे द्या. पाच रंगांचे पडदे मोबाइलमध्ये आणा, पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा, एकेक पूर्ण स्क्रीनवर लावून बघायचे. उजेड कमी करून मोबाइलचा कॅमेरा समोर धरा, पट्टे सरकताना दिसले तर ती लुकलुकणारी, दिवसभर बसणाऱ्याचे डोळे दुखतात. कोणाला दिसत नाही, कोणाला अर्ध्या तासात डोकं धरतं.

धुळ्याच्या_ताई
माझी केबल झाली बरं का, ६५० रुपयांत, दुसऱ्याकडे. गुणपत्रकं सुखरूप. आधीच्या दुकानदाराने बघितल्याचे ५० रुपये "चेकिंग" म्हणून घेतले होते, दिले मी, कोण वाद घालतं.
सेतूवाले भाऊ, एका ठिपक्याला घाबरू नका. मी मुलांना गुणाकार करायला लावला, १३६६ गुणिले ७६८, उत्तर १० लाख ४९ हजार ८८. त्यातला एक.

चोपडा_सेतूवाला
जाऊन आलो. सकाळच्या एसटीने जळगाव, लॅपटॉप पोटाशी धरून. कारागीर भाऊंना पहिल्यांदाच भेटलो, वाटले त्यापेक्षा बरेच तरुण निघाले. पॅनल आधी बाहेरच ठेवून जोडलं, पाचही रंग बघितले. ठिपका खरंच आहे, लाल पडद्यावर काळा दिसतो, तीळ म्हणा. पांढऱ्यावर शोधावा लागतो. ढग नाहीत, कडेला खालून किंचित उजेड आहे पण तो माझ्या जुन्याला पण होता. कॅमेऱ्यात पट्टे नाहीत. दोन हजार दिले, लावायचे पैसे घेईनात, बळेच दोनशे ठेवले. बिलावर पूर्ण नंबर लिहून घेतला, टीएलए१, एल खाली रेघ मारून.
एक गंमत, या आणलेल्या पॅनलला वरचे कान नव्हते, आधीच्याने काढताना मोडले असावेत. माझ्या फुटक्या पॅनलचे कान काढून लावले, तंतोतंत बसले. मी फुटकं भंगारात देऊन येणार होतो!
ऑनलाइनवाल्याचे ३४०० परत आले, नऊ दिवस लागले.

भुसावळ_लोको
फुटकं पॅनल कुठंय आता? मागची एलईडी पट्टी आणि पांढरे पडदे चांगले असतील तर मला हवंय, नातवाला चित्रं गिरवायची पाटी करून देतो. एसटीचं पार्सल मी भरेन.

चोपडा_सेतूवाला
काका देतो पाठवून, पण काच तडकलेली आहे, बोटाला लागेल, वर टेप लावून पाठवतो.

तापीकाठचा_नंदुरबारी
आणि टीव्ही?

चोपडा_सेतूवाला
काल रात्रीच घरी गेला. शिक्के आता खिळ्याला टांगलेत.